आपलं माणूस ब्रेन ट्यूमरने गेल्यावर त्याच्या नावाने निधी उभारायचा असेल तर

दादा गेला त्याच्या दहाव्या दिवशी माझ्या फोनवर एकाच नावाने देणग्या मागणाऱ्या तीन लिंका होत्या. एक आमच्या आतेभावाने सुरू केलेली, एक दादाच्या कॉलेजच्या मित्रांची, आणि तिसरी त्याच्या ऑफिसातल्या कुणीतरी. तिघांची नियत चांगली होती. पण लोक विचारायला लागले, “यातली खरी कोणती?” वहिनीला तर हे सगळं कळलं ते एका अनोळखी बाईच्या सांत्वनाच्या मेसेजवरून. त्या बाईने पाठवलेल्या लिंकवर दादाचा फोटो होता ऑपरेशननंतरचा, अर्धं डोकं भादरलेला, टाक्यांसकट.

तो फोटो उतरवून घ्यायला आम्हाला चार दिवस लागले. त्यानंतर जे नीट झालं ते कसं झालं, आणि जे चुकलं ते कुठे चुकलं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. देणारी माणसं मिळतात. गडबड होते ती घरात, आणि ती जवळजवळ नेहमी “मला वाटलं तू विचारलं असशील” या वाक्यापासून सुरू होते.

आधी हे हाताशी ठेवा

- बायोप्सीच्या रिपोर्टची प्रत. लोकांना दाखवायला नाही, गाठीचा नेमका प्रकार आणि ग्रेड (ती किती आक्रमक आहे याची श्रेणी) तुम्हाला ठाऊक असावी म्हणून.
- जवळच्या नातेवाइकांची संमती, लिहून घेतलेली. साधा मेसेजही चालेल, पण तो जपून ठेवा.
- घरच्यांनी निवडलेले दोन-तीन फोटो.
- निवडलेल्या संस्थेचा नोंदणी क्रमांक आणि तिथल्या एका माणसाचं नाव व थेट ईमेल.
- मृत्यूच्या दाखल्याची प्रत. काही संस्था आणि प्लॅटफॉर्म स्मृतिनिधी उघडताना नात्याचा पुरावा मागतात.
- एक वही. कॉम्प्युटरवर हिशेबाची शीट हवीच, पण रोख पैसे हाताळायचे असतील तर वहीही हवी.

## १. सर्वांत जवळच्या माणसाला विचारा, आणि उत्तराची वाट बघा

सर्वांत जवळचं माणूस म्हणजे बहुधा नवरा, बायको, आई-वडील किंवा कळती मुलं. त्यांचं “हो” आल्याशिवाय कुठेही काही टाकू नका. आणि “बघू” म्हणजे “हो” नव्हे. लोकांच्या मनात विषय ताजा आहे तोवरच पैसे जमतात असं आम्हाला चौघांनी सांगितलं. आम्ही पुन्हा सुरुवात केली ती सात महिन्यांनी, आणि आधीच्या तिन्ही लिंकांवर मिळून जमले होते त्यापेक्षा जास्त जमले. घाई करायचं काही कारण नसतं.

विचारताना गोष्टी सुट्या करून विचारा: नाव वापरू का? आडनावासकट? कुठला फोटो? आजाराचं नाव लिहायचं का? मुलांचा उल्लेख चालेल का? वहिनीने दोनच अटी घातल्या. हॉस्पिटलमधला एकही फोटो नको, आणि “झुंज हरला” असं कुठेही लिहायचं नाही. “तो हरला नाही, त्याला गाठ झाली होती,” एवढंच ती म्हणाली. त्यानंतर मी ते शब्द कुणाच्याच बाबतीत वापरलेले नाहीत.

ब्रेन ट्यूमरच्या घरात आणखी एक गोष्ट असते, ती बाहेरच्यांना पटकन कळत नाही. गाठ कुठे आहे त्यावर अवलंबून माणसाचं बोलणं, स्वभाव, राग यांत बदल होतात. शेवटच्या महिन्यांत दादा वहिनीवर ओरडायचा, जे त्याने आयुष्यात कधी केलं नव्हतं. त्यामुळे “शेवटपर्यंत हसतमुख” वगैरे मजकूर घरच्यांना विचारल्याशिवाय लिहू नका. तुम्ही गौरवाने लिहिता, आणि वाचणाऱ्या बायकोला भलतंच आठवतं.

## २. पैसे नेमके कशासाठी, हे ठरवा

इथे वेळ घालवा. “ब्रेन ट्यूमरसाठी” हे पुरेसं उत्तर नाही, कारण ब्रेन ट्यूमर हा एक आजार नाही. त्याचे शंभराहून अधिक प्रकार आहेत. मेंदूच्या आवरणातून वाढणारा मेनिन्जिओमा बहुतेक वेळा कर्करोग नसतो. दादाला झालेला ग्लिओब्लास्टोमा ग्रेड ४ चा असतो, आणि प्रौढांमध्ये मेंदूतच सुरू होणाऱ्या घातक गाठींमध्ये तो सर्वाधिक आढळतो. लहान मुलांमध्ये मेंदूच्या देठात होणारा डीआयपीजी आणखी वेगळा. ती जागाच अशी की शस्त्रक्रिया करून गाठ काढता येत नाही.

संशोधनाला पैसे का लागतात हे लोकांना सांगायचं तर आमच्या घराने जगलेला एकच आकडा पुरतो. २००५ साली एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ग्लिओब्लास्टोमात फक्त रेडिएशन दिलेल्या रुग्णांची मध्यम आयुर्मर्यादा (निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगले, निम्मे कमी) १२.१ महिने होती. सोबत टेमोझोलोमाइड या केमोथेरपीच्या औषधाच्या गोळ्या दिल्यावर ती १४.६ महिने झाली. दादाला तीस सिटिंग रेडिएशन आणि त्याच गोळ्या दिल्या गेल्या. इतकी वर्षं लोटली तरी नव्याने निदान झालेल्या रुग्णाच्या उपचारांचा कणा तोच आहे. मेंदूत जाणारं रक्त गाळून घेणारा जो नैसर्गिक अडसर असतो, तो बहुतेक औषधांना आत जाऊ देत नाही. गाठीच्या पेशी निरोगी भागात तंतूंसारख्या पसरलेल्या असतात, त्यामुळे सर्जनला कडा सापडत नाही. आणि रुग्ण तुलनेने कमी, म्हणून चाचण्यांना माणसं कमी.

पण काहीच हलत नाही असंही नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेत व्होरासिडेनिब या औषधाला मान्यता मिळाली. ते आयडीएच जनुकात बदल असलेल्या ग्रेड २ च्या ठरावीक गाठींसाठी आहे. ग्लिओब्लास्टोमाला त्याचा उपयोग नाही. रिपोर्ट हाताशी ठेवा म्हटलं ते यासाठीच. तुम्ही दिलेले पैसे तुमच्या माणसाच्या आजारावरच्या कामाला जाणार की शेजारच्या एखाद्या प्रकाराला, हे विचारायचं तर आधी त्या आजाराचं नाव ठाऊक हवं.

संशोधन हाच एक मार्ग आहे असंही समजू नका. रुग्णांच्या राहण्या-जाण्याचा खर्च, औषधांची मदत, फोनवरची मदतसेवा, घरच्यांसाठी समुपदेशन, बोलणं गेलेल्यांसाठी स्पीच थेरपी अशी कितीतरी कामं आहेत. एक प्रश्न घरात विचारून बघा: “त्या काळात आपल्याला काय मिळालं असतं तर बरं झालं असतं?” आमच्याकडे आईने झटकन उत्तर दिलं, “रात्री दोन वाजता फीट आली तर काय करायचं ते सांगणारं कुणीतरी.” आम्ही अर्धे पैसे संशोधनाला दिले आणि अर्धे मदतसेवेला.

इथला सापळा: अट फार अरुंद घालू नका. “फक्त अमुक प्रकारावर, अमुक डॉक्टरांच्याच प्रयोगशाळेत” असं लिहून दिलं आणि ते काम थांबलं, तर पैसे अडकून पडतात, कारण राखीव निधी दुसरीकडे वळवायला संस्थेचे हात बांधलेले असतात. “शक्यतो या कामासाठी, ते शक्य नसल्यास संस्थेच्या इतर संशोधनासाठी” एवढी पळवाट लेखी ठेवा.

## ३. संस्था निवडा, नवी काढू नका

दुःखात असताना प्रत्येकाला वाटतं, आपण त्याच्या नावाने स्वतःचाच ट्रस्ट काढावा. माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या वर्षी नको. नोंदणी, विश्वस्त, लेखापरीक्षण, दरवर्षीची विवरणपत्रं, हे सगळं वर्षानुवर्षं कुणीतरी करत राहावं लागतं. घरातून उभ्या राहिलेल्या मोठ्या संस्था आहेत, हे खरं. अमेरिकेतली अमेरिकन ब्रेन ट्यूमर असोसिएशन १९७३ मध्ये दोन आयांनी सुरू केली. ब्रिटनमधल्या आजच्या ब्रेन ट्यूमर चॅरिटीचं एक मूळ डिक्सन दांपत्याने १९९६ मध्ये आपल्या सोळा वर्षांच्या मुलीच्या, समँथाच्या, नावाने सुरू केलेल्या ट्रस्टमध्ये आहे. पण तेव्हा या आजारासाठी काम करणारं फारसं कुणी नव्हतं. आज आहेत. भारतात ब्रेन ट्यूमर फाउंडेशन ऑफ इंडिया आहे, कर्करोग रुग्णालयांचे स्वतःचे निधी आहेत. बऱ्याच संस्था आपल्या माणसाच्या नावाचा वेगळा स्मृतिनिधी आपल्याच छत्राखाली उघडून देतात. नाव तुमचं, आणि कागदपत्रांचा व्याप त्यांचा.

निवडताना नोंदणी क्रमांक सरकारी यादीत तपासा, मागच्या दोन-तीन वर्षांचे ताळेबंद बघा, आणि मग सरळ फोन करा. फोनवर विचारा:

- आमच्या निधीचे पैसे वेगळे दाखवाल का, आणि कुठे गेले ते किती महिन्यांनी कळवाल?
- प्रत्येक देणगीदाराला पावती तुम्ही देणार का?
- देणगीदारांचे पत्ते आणि नंबर तुम्ही पुढे मागण्यांसाठी वापरणार का? नको म्हटलं तर थांबवाल का?
- तुमचं बोधचिन्ह वापरायला परवानगीचं पत्र लागतं का?

एका संस्थेने माझ्या पहिल्या ईमेलला तीन आठवडे उत्तरच दिलं नाही. दुसऱ्या ठिकाणी फोन उचलणाऱ्या बाईंनी आधी दादाचं नाव विचारलं, मग रकमेचं. आम्ही कुठे गेलो ते सांगायला नको.

## ४. कोण काय सांभाळणार ते नाव घालून ठरवा

तीन माणसं पुरतात. एक हिशेबाला, एक लोकांशी बोलायला, एक संस्थेशी संपर्काला. हिशेब सांभाळणारी व्यक्ती शक्यतो सख्ख्या घरातली नको. आमच्याकडे वहिनीची मावसबहीण होती. पैशांबद्दल तिला कुणीही काहीही विचारू शकत होतं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी येत नव्हतं. तुम्हाला ऐकायला कोरडं वाटेल, पण कुणी “माझे पैसे पोचले का?” असं दहाव्यांदा विचारतं तेव्हा हे कळतं.

दादाच्या जवळच्या मित्राने सुरुवातीला सगळे पैसे स्वतःच्या खात्यावर घेतले. माणूस इतका सरळ की शेवटच्या रुपयापर्यंत यादी लिहून ठेवलेली. पण त्याने सगळी रक्कम एकदम आपल्या खात्यातून संस्थेला भरली, तेव्हा पावती आली एकट्या त्याच्या नावाची. साठ-सत्तर लोकांना करसवलतीचा कागद मिळाला नाही. काहींनी तोंडावर बोलून दाखवलं. तो अजूनही त्याबद्दल ओशाळतो. म्हणून नियम एकच: पैसे देणाऱ्याच्या खात्यातून थेट संस्थेच्या खात्यात. मधे कुणाचंही खातं नको, तुमचंही नको.

देशागणिक बारकावे असे:

- भारत: ऐंशी-जीची सवलत म्हणून आपण ओळखतो ती फक्त मान्यताप्राप्त संस्थेला दिलेल्या देणगीवर मिळते. रोखीने दिलेली देणगी २,००० रुपयांच्या वर असेल तर सवलत नाही. प्रमाणपत्र देणगीदाराच्या नावाने निघतं, त्यासाठी पॅनसारखा ओळखक्रमांक लागतो, म्हणून तो देणगी देतानाच भरून घ्या. नंतर फोन करून मागणं म्हणजे डोकेदुखी.
- परदेशी नातेवाईक: इथे भलेभले फसतात. भारतीय पासपोर्ट असलेला अनिवासी भाऊ नेहमीच्या बँकिंग मार्गाने देऊ शकतो. पण ज्याने परदेशी नागरिकत्व घेतलंय, ओसीआय कार्ड असलं तरी, त्याचे पैसे कायद्याने परदेशी देणगी ठरतात. ते घ्यायला भारतातल्या संस्थेकडे एफसीआरएची नोंदणी हवी आणि पैसे तिच्या त्या ठरावीक खात्यातच यावे लागतात.
- ब्रिटन: करदात्याने गिफ्ट एडची खूण केली की संस्थेला दर पौंडामागे सरकारकडून आणखी २५ पेन्स मिळतात. पण दहा जणांचे पैसे गोळा करून एकाने भरले तर त्यावर गिफ्ट एड लागू होत नाही. सोडतीच्या तिकिटांवरही नाही.
- अमेरिका: नोंदणीकृत धर्मादाय संस्थेला दिलेली देणगी करसवलतीस पात्र असू शकते. एखाद्या कुटुंबाच्या नावाने उघडलेल्या मोहिमेला दिलेले पैसे ही व्यक्तिगत भेट ठरते.

## ५. देणगीचं पान

प्लॅटफॉर्म निवडताना बघायचं ते हेच की पैसे थेट संस्थेकडे जातात की मोहीम उघडणाऱ्याकडे. “संस्थेसाठी” आणि “व्यक्तीसाठी” असे दोन वेगळे पर्याय असतात, आणि घाईत चुकीचा निवडला जातो. शुल्क किती तेही वाचा. काही ठिकाणी देणाऱ्याकडून प्लॅटफॉर्मसाठी ऐच्छिक “टिप” मागितली जाते आणि तिचा आकडा आधीच भरलेला असतो. आमच्या काकांनी तो संस्थेलाच जातो असं समजून राहू दिला होता. मजकुरातच एक ओळ लिहा: “टिप ऐच्छिक आहे, शून्यही करता येते.”

मजकूर लहान ठेवा. आम्ही जो वापरला त्याचा साचा असा:

“आमचा दादा अमुक महिन्यात ग्लिओब्लास्टोमाने गेला. निदान झाल्यापासून तेरा महिने तो आमच्यासोबत होता. या आजारावरच्या संशोधनासाठी आणि रुग्णांच्या घरच्यांना रात्री-अपरात्री मदत करणाऱ्या सेवेसाठी आम्ही निधी गोळा करत आहोत. पैसे थेट संस्थेच्या खात्यात जातात. पान अमुक तारखेला बंद होईल. देणं जमत नसेल तर त्याची एखादी आठवण लिहा, तीही आम्हाला हवी आहे.”

शेवटची तारीख घालाच. आणि लिंक गटांवर टाकण्याआधी पाच-सहा जवळच्यांकडून देणगी भरून घ्या. रिकाम्या पानावर पहिलं नाव घालायला कुणी धजत नाही.

देणगीची रक्कम लपवायची सोय असेल तर ती कशी वापरायची ते सांगा. घरात कुणी किती दिले याची तुलना होतेच, आणि ती पुढच्या लग्नापर्यंत चालते.

## ६. कार्यक्रम करायचा असेल तर

चालण्याचा कार्यक्रम, गाण्याची संध्याकाळ, क्रिकेटचे सामने, काहीही करा, पण त्या माणसाला शोभेल असं. दादा आयुष्यात कधी धावला नाही, त्यामुळे मॅरेथॉनची सूचना आम्ही हसून बाजूला ठेवली आणि दिवसभराची बुद्धिबळ स्पर्धा घेतली.

तारीख हवी असेल तर ८ जून हा जागतिक ब्रेन ट्यूमर दिन आहे. २००० पासून पाळला जातो, सुरुवात जर्मनीतल्या लाइपझिगच्या एका रुग्णसंस्थेने केली. अमेरिकेत मे आणि ब्रिटनमध्ये मार्च हा जागृतीचा महिना असतो. फीत राखाडी रंगाची. वर्षश्राद्धाचा किंवा वाढदिवसाचा दिवस मात्र घरच्यांना विचारल्याशिवाय घेऊ नका. काहींना त्या दिवशी माणसं हवी असतात, काहींना दार बंद हवं असतं.

सार्वजनिक जागा, लाउडस्पीकर, रस्त्यावर डबा फिरवणं, सोडत, या प्रत्येकाला परवानगी लागू शकते, आणि सोडत बऱ्याच ठिकाणी जुगाराच्या कायद्यात येते. आम्ही सोडत रद्दच केली. रोख पैसे आले तर दोघांनी मिळून मोजायचे, वहीत दोघांच्या सह्या, आणि दुसऱ्या दिवशी बँकेत. डबा एका रात्रीसाठीही कुणाच्या घरी उघडा ठेवू नका.

आणि कार्यक्रमाला सध्या उपचार घेणारे रुग्ण येतील हे गृहीत धरा. आमच्याकडे तिघे आले. भगभगणारे दिवे काहींना फीट आणू शकतात, मोठा गोंगाट सहन होत नाही. एक शांत खोली आणि खुर्च्या ठेवा. भाषणांतही भान ठेवा. आतेभावाने माइकवरून “या आजारातून कुणी वाचत नाही” असं म्हटलं, तेव्हा पहिल्या रांगेत टोपी घातलेली एक मुलगी बसली होती. तिच्या शेजारी तिची आई.

## ७. हिशेब मांडा, मग बंद करा

ठरलेल्या तारखेला पान बंद. पंधरा दिवसांत सगळ्यांना एक संदेश: एकूण जमा, शुल्क वजा, कार्यक्रमाचा खर्च कुणी केला, संस्थेकडे किती पोचले, तिची पोच. खर्च देणग्यांतून केला असेल तर तसं लिहा, लपवू नका. आम्ही हॉलचं भाडं आणि बुद्धिबळाचे पट भावंडांत वाटून घेतले, आणि तेही लिहिलं.

आभार मानायचं काम वहिनीवर टाकू नका. “तिच्याकडून दोन शब्द आले तर बरं दिसेल” असं कुणीतरी म्हणेलच. ते काम लोकांशी बोलणाऱ्याचं.

वर्षभराने संस्थेकडून अहवाल मागवा. मिळाला की देणाऱ्यांना पाठवा, सोबत नवी मागणी न जोडता. दरवर्षी करायचं का, हा प्रश्न तेव्हा घरात पुन्हा विचारा. “नाही” आलं तर वाद घालू नका. आम्ही दुसऱ्या वर्षी केलं, तिसऱ्या वर्षी नाही.

पान बंद करण्याआधी त्यावरचे लोकांचे संदेश उतरवून घ्या. काही प्लॅटफॉर्म बंद झालेली पानं काही काळाने काढून टाकतात. मी सगळे छापून वहिनीला फाइल करून दिली. त्यात एक संदेश होता नाव न लिहिता, अगदी लहान देणगीसोबत. “रेडिएशनच्या रांगेत ते रोज आमच्या आईला पुढे जाऊ द्यायचे आणि स्वतः शेवटी जायचे.” तीस सिटिंग मी आणि वहिनी आलटून पालटून त्याच्यासोबत जात होतो, आणि नंबर लागायला उशीर का होतो म्हणून रोज काउंटरवर भांडत होतो.